गळाला लागणारा अल्बाट्रॉस

भटक्या अल्बाट्रॉसने पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. आज जिवंत असलेल्या कोणत्याही पक्ष्याच्या पंखांचा पसारा याहून मोठा नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जियालगतच्या बर्ड आयलंड या छोट्या बेटावर या पक्ष्याची मादी डिसेंबरच्या सुमारास एकच अंडे घालते. नर-मादी आळीपाळीने ते अकरा आठवडे उबवतात. पुढे अख्खा हिवाळा पिल्लू बर्फवाऱ्यात घरट्यातच बसून असते आणि दोघे हजारो किलोमीटर फिरून त्याच्यासाठी अन्न आणतात. एक पिल्लू उडते करायला जवळजवळ वर्ष जाते, म्हणून यशस्वी जोडी एक वर्षाआडच वीण करते. पहिली वीणसुद्धा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास होते.

इतका संथ संसार टिकतो तो एकाच भरवशावर: मोठा झालेला पक्षी सहजासहजी मरत नाही, पन्नास वर्षेही जगतो. लाँगलाइन मासेमारीने नेमका या भरवशावर घाव घातला आहे.

ट्यूनासाठी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या कुप्याच्याच कुळातल्या माशांसाठी, बोटी शंभर किलोमीटरपर्यंत लांबीचा दोर समुद्रात सोडतात. त्याला दोन-तीन हजार गळ लोंबत असतात आणि प्रत्येक गळाला माकूल किंवा बांगडा टोचलेला असतो. बोटीच्या मागून गळ पाण्यात पडतो, पण लगेच बुडत नाही. काही वेळ आमिष पृष्ठभागाजवळ तरंगत राहते. मेलेले माकूल पाण्यावरून टिपणे हा तर अल्बाट्रॉसचा रोजचा उद्योग. तो झेपावतो आणि गळ चोचीत किंवा घशात रुततो. दोर खाली जाऊ लागतो आणि त्याच्याबरोबर पक्षीही. कित्येक तासांनी दोर ओढला की त्या गळावर माशाऐवजी भिजून लोळागोळा झालेला पक्षी वर येतो. मच्छीमारालाही तो नको असतो. त्याचे आमिष वाया गेलेले असते.

बेटावर या एका मृत्यूचे दोन होतात, कारण उरलेला पक्षी एकट्याने पिल्लाला पुरा पडत नाही. त्यातही माद्या नरांपेक्षा उत्तरेकडच्या उबदार पाण्यात जास्त फिरतात आणि ट्यूनाच्या बोटी तिथेच असतात. माद्या अधिक मरतात आणि अनेक नर जोडीदाराविना राहतात.

1991 साली संशोधक निजेल ब्रदर्स यांनी दक्षिण महासागरातल्या जपानी ट्यूना बोटींवर वर्षाला सुमारे 44,000 अल्बाट्रॉस मरत असावेत, असा अंदाज मांडला, तेव्हा या हानीचा आवाका जगापुढे आला. 2011च्या एका आढाव्यात जगभरच्या लाँगलाइनवर वर्षाला किमान 1,60,000 समुद्रपक्षी मरतात, असा अंदाज होता.

मला सर्वांत जास्त सलते ते हे की उपाय माहीत आहेत आणि ते महागही नाहीत. दोर रात्री सोडायचा, कारण अल्बाट्रॉस प्रामुख्याने दिवसा खातात. गळाजवळ वजन लावायचे, म्हणजे आमिष झटकन बुडते. तिसरा उपाय जपानी मच्छीमारांनीच काढला: बोटीच्या मागे उंचावरून एक दोरी सोडायची आणि तिला रंगीत पट्ट्या लटकवायच्या. पट्ट्या वाऱ्यावर फडफडल्या की पक्षी आमिषाजवळ येत नाहीत. या दोरीला ‘तोरी लाइन’ म्हणतात. जपानीत तोरी म्हणजे पक्षी. साउथ जॉर्जियाभोवतीच्या टूथफिश मासेमारीत 1990च्या दशकात हजारो पक्षी मरत होते. हे उपाय सक्तीचे झाले, उन्हाळ्यात, म्हणजे विणीच्या ऐन हंगामात, मासेमारी बंद ठेवली गेली, आणि दहा वर्षांच्या आत तिथली पक्षीहत्या जवळजवळ थांबली.

तरीही बर्ड आयलंडवरच्या भटक्या अल्बाट्रॉसच्या जोड्या आज 1960च्या दशकातल्या निम्म्याहूनही कमी आहेत. घरचे पाणी सुरक्षित झाले, पण पक्षी ब्राझील-उरुग्वेच्या समुद्रापर्यंत आणि त्याही पलीकडे, कोणत्याच देशाच्या मालकीच्या नसलेल्या पाण्यात जातो. तिथल्या प्रत्येक बोटीवरून दोर रात्रीच सोडला जातो असे नाही.

दुसरीकडे काय घडू शकते ते नामिबियाने दाखवले आहे. तिथे 2015मध्ये अशाच पक्षी-रोधक दोऱ्या सक्तीच्या झाल्या. तळाशी गळ सोडणाऱ्या तिथल्या लाँगलाइन बोटींवर 2009मध्ये 22,000हून अधिक समुद्रपक्षी मेल्याचा अंदाज होता, 2018मध्ये तो 215वर आला. वॉल्विस बे बंदरात या दोऱ्या स्थानिक बायकांचा एक गट हाताने बनवतो. रंगीत पट्ट्या एकेक करून बांधल्या जातात आणि तयार दोरी बोटीवर चढते.