प्रागमध्ये बिअर कुठे प्यावी

चेक प्रजासत्ताकात माणशी वर्षाला सव्वाशे लिटरच्या आसपास बिअर प्यायली जाते. दरडोई हिशेबात हा देश गेली अनेक वर्षे जगात पहिला आहे. राजधानी प्रागमध्ये बिअर ही चैनीची वस्तू नाही. संध्याकाळी कामावरून सुटलेले गवंडी, प्राध्यापक आणि पेन्शनर एकाच टेबलावर बसून अर्धा अर्धा लिटर पितात आणि घरी जातात. तरीही चार दिवसांसाठी आलेल्या अनेक पर्यटकांना इथे महाग आणि बेचव बिअर मिळते. समोर दिसेल त्या पहिल्या ठिकाणी बसल्यामुळे हे होते. प्रागमध्ये स्वस्त बिअर आणि चांगली बिअर बहुतेक वेळा एकाच दाराआड असते, आणि ते दार मुख्य चौकात नसते.

जुन्या शहराचा चौक, चार्ल्स पूल आणि या दोहोंना जोडणारी कार्लोव्हा गल्ली हा शहरातला सर्वांत महागडा पट्टा. इथल्या जागांची भाडी प्रचंड असतात आणि आज आलेले गिऱ्हाईक उद्या परत येणार नसते. त्यामुळे अर्ध्या लिटरला शंभर कोरुनांहून जास्त दर लावला जातो. एक कोरुना म्हणजे सुमारे चार रुपये. ट्रामने तीनचार थांबे पुढे गेले की तीच बिअर साधारण साठ-सत्तर कोरुनांना मिळते. नदीच्या पूर्वेकडचे झिझ्कोव्ह, त्याला लागूनचे विनोह्राडी, उत्तरेचे होलेशोव्हित्से आणि पलीकडच्या काठावरचे स्मीखोव्ह हे राहत्या वस्तीचे भाग आहेत. त्यांतही झिझ्कोव्ह ही जुनी कामगार वस्ती गल्लोगल्लीच्या बिअरगुत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे. १ जानेवारी २०२४ पासून नळाच्या बिअरवरचा मूल्यवर्धित कर १० टक्क्यांवरून २१ टक्के झाला. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतले दर आता कुठेच सापडणार नाहीत.

अशा वस्तीतल्या बिअरगुत्त्याला तिथे ‘होस्पोदा’ म्हणतात. लाकडी बाके, पिवळट दिवे, भिंतीवर एखाद्या ब्रुअरीची पाटी, आणि नळामागे उभा असलेला एक अनुभवी माणूस. मेन्यू बहुधा एका पानाचा असतो. बिअरचे प्रकार दोन किंवा तीन. पर्यटकाला ही निवड अपुरी वाटते, पण गुणवत्तेची पहिली खूण हीच आहे. बिअर नाशवंत असते. पिंप उघडल्यावर ती लवकर संपली नाही तर चव उतरते. दोनच नळ असतील आणि गिऱ्हाईक भरपूर असेल तर पिंप रोज रिकामे होते. वीस नळ आणि आठ गिऱ्हाइके असली तर कुठल्या नळातून किती दिवसांची बिअर येते याचा भरवसा नसतो. दुपारी चार-पाच वाजताच भरलेली जागा शोधावी, असे म्हणतात ते याचसाठी.

ताजेपणाचा हा आग्रह जुना आहे. १८३८ साली पश्चिमेकडच्या प्लझेन गावातल्या लोकांनी खराब बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली आणि स्वतःची ब्रुअरी उभारायचे ठरवले. बव्हेरियाहून योझेफ ग्रोल हा बिअर बनवणारा बोलावला गेला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने तिथे पहिला घाणा काढला. प्लझेनचे मऊ पाणी, फिकट माल्ट आणि झातेत्स भागातले सुगंधी हॉप्स यांतून सोनेरी, स्वच्छ, किंचित कडसर बिअर तयार झाली. जगभर ‘पिल्सनर’ नावाने विकली जाणारी बिअर तिचीच वंशज आहे. प्रागमध्ये ती प्रथम आणली याकूब पिन्कास नावाच्या शिंप्याने. १८४३ साली त्याने उघडलेले ‘उ पिन्कासू’ अजून चालू आहे.

हीच बिअर आज काही ठिकाणी टाकीतून दिली जाते. ब्रुअरीचा टँकर येतो आणि पाश्चराइझ न केलेली बिअर तळघरातल्या थंड टाक्यांत भरतो. टाकीच्या आत एक मोठी पिशवी असते. बाहेरून दाबलेली हवा पिशवीला दाबते आणि बिअर वर नळात चढते, पण हवेचा तिला स्पर्श होत नाही. ही बिअर फार दिवस टिकत नाही, त्यामुळे भरपूर खप असलेल्या होस्पोदांनाच टाक्या परवडतात. दारावर ‘तान्कोव्ना’ अशी पाटी दिसली की आत ताजी बिअर वेगाने खपते असे समजावे. लोकाल या नावाच्या साखळीची द्लोउहा रस्त्यावरची लांबलचक जागा अशा टाक्यांसाठीच ओळखली जाते. ती मध्यवर्ती भागात असूनही तिथे स्थानिक लोक गर्दी करतात.

पाटीवर १०, ११, १२ असे अंश लिहिलेले असतात. ते मद्यार्काचे प्रमाण नसते. बिअर आंबवण्याआधी माल्टच्या पाण्यात किती शर्करा आणि इतर अर्क होता, ते हे अंश सांगतात. प्रागमधले रसायनशास्त्रज्ञ कार्ल बॉलिंग यांच्या नावाने हे मोजमाप ओळखले जाते. दहा अंशांच्या बिअरमध्ये चार टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो, बारा अंशांच्या बिअरमध्ये साधारण पाच. दहा अंशांची बिअर हलकी आणि स्वस्त असते. संध्याकाळभर बसायचे असेल तर स्थानिक लोक तीच मागवतात. पाहुण्यांनीही तिला कमी लेखू नये.

फेसाबद्दल मराठी पिणाऱ्याचा समज इथे उलटा ठरतो. आपल्याकडे ग्लास तिरका धरून फेस टाळतात आणि फेस जास्त आला तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. प्रागमध्ये दाट, ओलसर, मलईसारखा फेस ही नळावरच्या माणसाची कारागिरी मानली जाते. फेस हवेला अडवतो, त्यामुळे खालची बिअर शेवटच्या घोटापर्यंत ताजी राहते. ग्लासवर अर्ध्या लिटरची रेघ असते आणि माप त्या रेघेशी पाहिले जाते. नेहमीच्या पद्धतीला ‘ह्लादिन्का’ म्हणतात, म्हणजे खाली बिअर आणि वर तीनेक बोटे फेस. ‘श्नित’ मागितली तर बिअर कमी आणि फेस जास्त. ‘म्लीको’ म्हणजे जवळजवळ सगळा फेसच. तो गोडसर लागतो आणि बसण्याआधी एका दमात प्यायचा असतो.

होस्पोदात शिरल्यावर रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून ‘जे तू व्होल्नो?’ म्हणजे इथे जागा आहे का, असे विचारून अनोळखी लोकांच्या टेबलावर बसता येते. मात्र टेबलावर राखीव असल्याची चिठ्ठी असेल तर बसू नये. वेटर एक कागद ठेवतो आणि प्रत्येक बिअरला त्यावर एक रेघ मारतो. हा कागद हरवू नये आणि त्यावर स्वतः काही लिहू नये. बिल त्यावरच होते. जुन्या जागी ग्लास रिकामा झाला की न मागता दुसरा येतो. पुरे झाले असेल तर ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवावी. ग्लास भिडवताना ‘ना झ्द्रावी’ म्हणावे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे. बिल देताना रक्कम वरच्या आकड्यापर्यंत वाढवून द्यावी, दहा टक्के टिप पुरेशी असते. काही जुन्या ठिकाणी अजून कार्ड चालत नाही, म्हणून थोडी रोकड जवळ असावी.

खायला मांसाहार जास्त. ‘उतोपेनेत्स’ म्हणजे कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले सॉसेज. शाकाहाऱ्यांची अगदीच उपासमार होत नाही: तेलात मुरवलेले हेर्मेलीन चीज आणि ब्रेडक्रम्ब्ज लावून तळलेले ‘स्माझेनी सीर’ बहुतेक ठिकाणी मिळते. पर्यटकी भागात टेबलावर आधीच ठेवलेली पाव किंवा प्रेट्झेलची टोपली फुकट नसते. खायची नसेल तर परत न्यायला सांगावे.

नामांकित जागांपैकी हुसोव्हा गल्लीतल्या ‘उ झ्लातेहो तिग्रा’चा मान वेगळा आहे. लेखक बोहुमिल ह्राबाल तिथे रोज बसत. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव्ह हावेल यांनी बिल क्लिंटन यांना तिथेच नेले. जागा लहान आहे आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांची आहे. दुपारी तीनला दार उघडते तेव्हाच पोहोचले तर बसायला मिळण्याची आशा. ‘उ फ्लेकू’ स्वतःची परंपरा १४९९ पासून सांगते आणि आपल्याच ब्रुअरीतली काळी बिअर देते. ती एकदा चाखावी, पण तिथले दर पर्यटकांचे आहेत. स्ट्राहोव्ह मठाजवळच्या ब्रुअरीचेही तसेच. उन्हाळ्यात मात्र लेत्ना टेकडीवरची उघडी बिअरबाग गाठावी. झाडांखाली बाकडी, खाली व्ल्तावा नदी आणि तिचे पूल.

पैशांची खरी गळती बऱ्याचदा पैसे बदलताना होते. मध्यवर्ती भागातल्या काही काउंटरवर ‘कमिशन नाही’ असे लिहून वाईट दर देतात. एप्रिल २०१९ पासूनच्या कायद्यानुसार असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती मात्र हवी. एटीएमने ‘रुपयांत रक्कम लावू का’ असे विचारले तर नाही म्हणावे आणि व्यवहार कोरुनांतच करावा. रात्री घोळका करून बारमागून बार हिंडवणाऱ्या सहलींवर प्राग महापालिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदी घातली. त्या सहलींच्या गोंगाटाने रहिवासी हैराण झाले होते. वस्तीतल्या होस्पोदातून निघताना रस्त्यावर आवाज कमी ठेवावा, वर लोक झोपलेले असतात. मध्यवर्ती भागातल्या अनेक रस्त्यांवर उघड्यावर पिण्यास मनाई आहे. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्यार्क शून्य असावा लागतो. मध्यरात्रीच्या सुमारास मेट्रो बंद झाली तरी रात्रीच्या ट्राम सकाळपर्यंत धावतात.

प्रागमध्ये चार दिवस असतील तर त्यातला एक प्लझेनला द्यावा. रेल्वेने दीड तासाचा प्रवास आहे. ब्रुअरीच्या फेरीत जुन्या तळघरांत उतरता येते, आणि तिथे ओकच्या पिंपातून थेट न गाळलेली, पाश्चराइझ न केलेली बिअर हातात मिळते.