उज्जयिनीची यात्रा आणि कॅमेरा

सप्त मोक्षपुरींमध्ये गणली जाणारी अवंतिका, म्हणजेच आजचे उज्जैन, हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी श्री महाकालेश्वराचे स्थान होय. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य भाविक तेथे जातात आणि आता प्रत्येकाच्या हाती कॅमेरा किंवा मोबाईल असतोच. यात्रेहून परतलेली मंडळी आपली छायाचित्रे न्यासाच्या कार्यालयात आवर्जून दाखवितात. ती पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. उज्जैनमध्ये जे सर्वांत नवे आहे तेच सर्वाधिक टिपले जाते, आणि जे जुने आहे, ज्यातील काही तर आपल्याच पूर्वजांच्या हातचे आहे, त्याचे एकही चित्र बहुधा आढळत नाही. यात्रेस निघणाऱ्या भाविकांच्या उपयोगी पडावे म्हणून या विषयासंबंधी थोडे विवेचन करीत आहोत.

महाकाल लोक या भव्य परिसराचे लोकार्पण ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. नऊशे मीटरहून अधिक लांबीचा हा मार्ग, १०८ स्तंभ आणि शिवकथांवरील मूर्ती यांमुळे तेथे छायाचित्र काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा असे आमचे म्हणणे नाही. मात्र ही चित्रे इतरांना दाखविताना 'प्राचीन मूर्ती' असे सांगितले जाते, ते योग्य नव्हे. २८ मे २०२३ रोजी वादळी वाऱ्यात तेथील सप्तर्षींपैकी सहा मूर्ती कोसळल्या, तेव्हा त्या पाषाणाच्या नसून फायबरच्या आहेत हे पुष्कळांना प्रथमच समजले. याउलट, याच परिसराच्या विस्तारासाठी डिसेंबर २०२० मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये खोदकाम सुरू असताना मंदिराजवळ परमारकालीन मंदिराचे अवशेष जमिनीखालून वर आले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी येऊन त्यांची पाहणी केली. या कोरीव शिळांचे चित्र आणणारा भाविक मात्र आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

प्रत्यक्ष मंदिराविषयी नियम स्पष्ट आहे. २० डिसेंबर २०२२ पासून श्री महाकालेश्वर मंदिरात मोबाईल नेण्यास मनाई करण्यात आली. बाहेर लॉकरची सोय आहे. तेथे तो ठेवून निःशंक मनाने आत जावे. (जाण्यापूर्वी मंदिर समितीची त्या वेळची सूचना अवश्य पाहावी, कारण व्यवस्थेत बदल होत असतात.) या मनाईबद्दल काही मंडळी नाराजी व्यक्त करतात. परंतु पहाटेच्या भस्मारतीत, भस्म चढविण्याच्या वेळी उपस्थित स्त्रियांनीही पदर ओढून घ्यावा अशी जेथे परंपरा आहे, तेथे शेकडो हात पडदे उजळून उंचावलेले असणे कितपत शोभते याचा ज्याने त्याने विचार करावा. श्रींच्या दर्शनाचे थेट प्रक्षेपण समितीतर्फे होतच असते, त्यामुळे आपण चित्र आणले नाही म्हणून घरची मंडळी दर्शनास मुकतात असेही नाही.

आता मंदिराबाहेर यावे आणि कळसाकडे दृष्टी टाकावी. १२३४-३५ मध्ये इल्तुतमिशच्या स्वारीत मूळ मंदिराचा विध्वंस झाला. आज उभे असलेले मंदिर अठराव्या शतकातील असून ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी उभारले. उज्जैन ही पुढे शिंदे घराण्याची राजधानी होती. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ती ग्वाल्हेरास हलविली. जवळच असलेल्या श्री हरसिद्धी देवीच्या प्रांगणातील दोन उंच दीपस्तंभ पाहिल्यावर मराठी माणसास ओळख सांगावी लागत नाही. आपल्या देवस्थानांपुढील दीपमाळांचीच ही भावंडे आहेत. नवरात्रात ते उजळतात तेव्हा छायाचित्र काढावयाचे असल्यास फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर दिव्यांचा प्रकाश फिका पडतो आणि काळवंडलेला दगड तेवढा उठून दिसतो. दिवसा याच दगडाचे जवळून चित्र घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने त्यास आलेली झिलई पाहण्यासारखी आहे.

बाजाराच्या मधोमध असलेले गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधविले. त्याच्या रुप्याने मढविलेल्या दरवाजांविषयी, ते मूळचे सोमनाथचे असून महादजी शिंद्यांनी परत आणले, अशी परंपरा सांगितली जाते. दुकाने उघडली की मंदिराचा दर्शनी भाग फलकांनी व गर्दीने झाकून जातो. म्हणून तेथे सकाळी लवकर जाणे इष्ट.

जयपूरचे सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार असताना त्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे वेधशाळा उभारली. कालांतराने ती मोडकळीस आली असता १९२३ मध्ये महाराज माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करविली. यात्रेच्या मोटारी तेथे क्वचितच थांबतात, हे मोठे दुर्दैव म्हटले पाहिजे. कारण कॅमेऱ्याने काही शिकावयाचे असेल तर ते येथेच. सम्राट यंत्राची तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षास समांतर आहे. त्यामुळे पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूस उभे राहून, कॅमेरा सरळ धरून चित्र घेतले, तर भिंतीचा जमिनीशी होणारा कोन चित्रावरही मोजता येतो. तो सुमारे २३ अंश, म्हणजेच उज्जैनचा अक्षांश, भरतो. दिल्लीच्या जंतरमंतरातील अशाच यंत्राची भिंत अधिक उभी दिसते, कारण दिल्ली उत्तरेकडे आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांना दाखविल्यास अक्षांश म्हणजे काय हे न सांगता कळेल. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी निकट असल्याने २१ जूनच्या सुमारास दुपारी १२ वाजून २८ मिनिटांनी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. आकाश निरभ्र असेल तर हा क्षण टिपण्यासारखा असतो.

क्षिप्रेच्या रामघाटावर मात्र संयम हवा. रामघाट पूर्व तीरावर असल्याने सकाळचा प्रकाश समोरच्या दत्त आखाड्यावर पडतो आणि सायंकाळी सूर्य त्याच दिशेस मावळतो. दोन्ही वेळा चित्रे उत्तम येतात. परंतु स्नान करणाऱ्या स्त्रिया, तसेच घाटावर किंवा सिद्धवटास पिंडदान करणारी मंडळी ही कोणाच्या चित्राचा विषय नव्हेत. वडिलांचे श्राद्ध करीत असता अनोळखी माणूस समोर कॅमेरा रोखून उभा राहिला तर आपणांस काय वाटेल? साधूंचे चित्र घ्यावयाचे असल्यास आधी नमस्कार करून विचारावे.

जुन्या वास्तूंची चित्रे कशासाठी घ्यावयाची, असे कोणी विचारील. इंदूर येथे नोकरीस असलेले लाला दीनदयाळ यांनी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली व ती १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढील काळातील बदल समजून घेण्यास अशी चित्रे हाच आधार असतो. उज्जैनचेच डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर हे मराठी विद्वान तर गावोगाव हिंडून शिळा, मूर्ती व गुहाचित्रे कागदावर उतरवून घेत. १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना दिसलेल्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले आणि भीमबेटका जगापुढे आले. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. २००३ मध्ये भीमबेटक्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला, तो पाहण्यास मात्र ते नव्हते. १९८८ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

आज ही निकड अधिक आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये मोठी कामे हाती घेण्यात आली आहेत. त्यापूर्वीच केडी गेट ते इमली तिराहा या रस्त्याच्या रुंदीकरणात अनेक घरांचे दर्शनी भाग पाडले गेले आणि २०२४ मध्ये मार्गातील काही धर्मस्थळेही हलवावी लागली. गर्दीच्या सुरक्षिततेसाठी रस्ते रुंद हवेत, हे मान्यच आहे. पण जुन्या गल्ल्यांतील लाकडी सज्जे, कोरीव चौकटी व कोनाड्यांतील लहान देव एकदा गेले की त्यांचे स्थान सांगणारेही उरत नाहीत. म्हणून अशा वास्तूचे एक चित्र दुरून, आजूबाजूची घरे दिसतील असे, आणि एक जवळून घ्यावे. त्यासोबत गल्लीचे नाव, दिशा व दिनांक लिहून ठेवावा. शिलालेख असल्यास त्यावर पाणी अथवा खडू लावू नये. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात.

अनेक घरांत १९६८, १९८० किंवा १९९२ च्या सिंहस्थास गेलेल्या आजी-आजोबांची छायाचित्रे पेटीत पडून आहेत. त्यांत मागे दिसणारा घाट व देवळे आज तशी राहिलेली नाहीत. वडीलधाऱ्या मंडळींना विचारून त्या चित्रांच्या मागे ठिकाण व वर्ष पेन्सिलीने लिहून घ्यावे. अशी छायाचित्रे न्यासाच्या कार्यालयात आणून दिल्यास त्यांची प्रत काढून घेऊन मूळ छायाचित्र त्याच दिवशी परत करण्यात येईल.

— सचिव, विश्वस्त मंडळाकरिता