तेलाचा लाल दिवा: आधी निदान, मग भरणा
बंगळूरुजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेला भेट देण्यासाठी अनेक शेतकरी स्वतःच्या मोटारीने जातात. महामार्ग संपून शहराच्या तुंबलेल्या रहदारीत गाडी अडकते आणि तेलाच्या झारीचे चिन्ह असलेला लाल दिवा लागतो. अशा वेळी लगेच ऑइल ओतण्याकडे कल असतो, तो टाळावा.

बहुतेक गाड्यांत हा दिवा तेलाच्या पातळीशी नव्हे, दाबाशी जोडलेला असतो. दाब घसरल्यास बेअरिंगवरील तेलाचा थर तुटून इंजिन जाम होऊ शकते. म्हणून गाडी बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. सपाट जागी दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी व पातळी पाहावी. ती कमी असल्यास माहितीपुस्तिकेतील प्रतीचेच तेल थोडेथोडे घालावे. पातळी योग्य असूनही दिवा कायम राहिल्यास दोष सेन्सर, पंप, चोंदलेली जाळी किंवा झिजलेले बेअरिंग यांत असू शकतो. गाडी ओढूनच न्यावी.

वाढलेली पातळी अधिक फसवी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींपैकी अनेकींत फिल्टरमधील काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते. थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी प्रवासात ही क्रिया वारंवार अर्धवट राहते आणि ते डिझेल इंजिनच्या तेलात उतरते. पट्टीवर तेल भरपूर दिसते, प्रत्यक्षात ते पातळ झालेले असते. असे तेल बदलावेच. तेल दुधाळ दिसल्यास त्यात कूलंट मिसळल्याची शंका घ्यावी.

ट्रॅक्टरलाही हाच क्रम लागू आहे, मग नांगरट अर्ध्यावर सोडावी लागली तरी.