संगणक सुरू होत नाही तेव्हा

मुंबईतल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, तेव्हा पाऊसही आलेला असतो. समजा, परळमधल्या एका शाळेचे कार्यालय आहे. मे महिनाभर खोली बंद होती, आणि सुट्टी लागताना शिपायांनी भिंतीवरची सगळी बटणे आठवणीने बंद केली होती. पहिल्या दिवशी संगणक चालू केला. पंखा फिरला, दिवा लागला, कंपनीचे बोधचिन्ह आले, आणि मग काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : 'नो बूटेबल डिव्हाइस'. बाहेर पालक दाखल्यांसाठी रांगेत उभे आहेत. दुरुस्तीला बोलावलेला मुलगा पाच मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "बाई, फॉरमॅट मारावा लागेल."

या वाक्याला 'बरं' म्हणण्यापूर्वी थांबावे. फॉरमॅट करून कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने घातली की संगणक सुरू होईलही. पण गेल्या काही वर्षांचे निकाल, हजेरीपट, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या नोंदी डिस्कवरून पुसल्या जातील. आणि बिघाड कदाचित डिस्कमध्ये नव्हताच! तो कुठे आहे हे ठरवायचे, तर बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र स्थिर होईपर्यंत काय काय घडते ते माहीत हवे.

रिकाम्या डोक्याने जाग

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याची स्मृती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. कडे एका दिशेने चुंबकित केले की वीज गेली तरी ते तसेच राहते. आजच्या संगणकातली रॅम तशी नाही. तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म धारित्रावरचा विद्युतभार. हा भार सतत गळतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. वीज बंद झाली की स्मृती कोरी. वेग वाढला, आकार लहान झाला, किंमत उतरली. पण संगणक रोज सकाळी रिकाम्या डोक्याने जागा होऊ लागला.

इथे एक पेच येतो. कार्यप्रणाली डिस्कवर असते. ती रॅममध्ये आणायची तर 'डिस्क कशी वाचावी' हे सांगणारा प्रोग्रॅम आधी हाताशी हवा, आणि तो तर कार्यप्रणालीचाच भाग! दलदलीत रुतलेल्या बॅरन मंखाउझेनने स्वतःचीच शेंडी धरून स्वतःला घोड्यासकट वर ओढले, तसला हा प्रकार. इंग्रजीत अशाच अर्थाच्या वाक्प्रचारात शेंडीऐवजी बुटाच्या पट्ट्या असतात, आणि त्यावरून संगणक सुरू होण्याला 'बूट होणे' म्हणू लागले. पेच सोडवला आहे तो मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपने. वीज गेली तरी न पुसला जाणारा एक लहान प्रोग्रॅम तिच्यात असतो. जुन्या संगणकांत त्याला बायॉस म्हणत, नव्यांत युईएफआय म्हणतात. तो आधी भागांची हजेरी घेतो, मग डिस्क शोधतो, डिस्कवरचा छोटा प्रोग्रॅम रॅममध्ये आणतो. तो प्रोग्रॅम कार्यप्रणालीचा गाभा आणतो, आणि गाभा बाकीचे सारे आणतो. रिले शर्यतीत काठी पुढच्या हाती जावी तसे हे चालते. म्हणून पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा नसून 'काठी कुणाच्या हातात अडकली?' हा आहे.

काहीच हालचाल नसेल, तर काठी पहिल्याच्याही हाती आलेली नाही. भिंतीवरचे बटण, वायर, पॉवर सप्लायमागचे छोटे बटण पाहावे. पॉवर सप्लाय २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. तो गेला असेल तर बदलायचा, उघडायचा नाही. आतल्या धारित्रात बंद केल्यावरही धोकादायक भार राहतो.

पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच नाही, कधी 'बीप-बीप' ऐकू येते, अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. गिरगावापासून दादरपर्यंत समुद्र हाकेच्या अंतरावर. दमट, खारट हवा आणि धूळ यांचा पातळ थर रॅमच्या टोकांवर बसतो आणि संपर्क तुटतो. यावरचा खोडरबराचा उपाय हास्यास्पद वाटला तरी खरा आहे. वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवावा, रॅम काढावी, तिची सोनेरी टोके मऊ खोडरबराने हलकेच पुसावीत, चुरा झटकून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' वाजेपर्यंत ती परत दाबून बसवावी. जोरात घासू नये. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

आपल्या शाळेतल्या संगणकाने बोधचिन्ह दाखवले होते. म्हणजे वीज, प्रोसेसर आणि रॅम यांनी आपापले काम केले. पुढचा धावपटू सापडला नाही, एवढीच चिपची तक्रार आहे. आता सर्वांत आधी मागेपुढे कुठे पेन ड्राइव्ह खोचलेला नाही ना, ते पाहावे. फ्लॉपीच्या काळात ही गंमत रोजची होती : आत विसरलेल्या फ्लॉपीत संगणक कार्यप्रणाली शोधत बसे आणि आपण डिस्क गेली म्हणून हळहळत असू.

जुन्या पद्धतीत डिस्कवरचा पहिला तुकडा फक्त ५१२ बाइटांचा असतो. त्यात ४४६ बाइट प्रोग्रॅमचे, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्याचे, आणि शेवटचे दोन म्हणजे 'हा तुकडा खरा आहे' अशी खूण. इतक्या लहान जागेवर सारे अवलंबून असल्याने विषाणूंचे लक्ष तिच्यावर गेले नसते तरच नवल. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच, म्हणजेच 'चेर्नोबिल', विषाणूने डिस्कच्या सुरुवातीचा एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकला, आणि जमले तिथे बायॉसची चिपही पुसली. भारतातही असंख्य संगणक त्या दिवशी सुरू झाले नाहीत. पण पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी धडे शिल्लक असतात; अशा पुष्कळ डिस्कवरचा मजकूर नंतर परत मिळवता आला. फॉरमॅट करणाऱ्यांनी मात्र तो स्वतःच्या हाताने घालवला.

तारीख पाहा

आता संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहून चिपच्या मांडणीच्या पानावर जावे आणि तिथली तारीख पाहावी. ती काही वर्षे मागची, १ जानेवारीच्या आसपासची असेल, तर गुन्हेगार बहुधा सापडला. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक लिथियम सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. घड्याळ चालू ठेवणे आणि मांडणी जपणे हे त्याचे काम.

विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करू द्यावा. सेलची क्षमता सुमारे २२० मिलिॲम्पिअर-तास. घड्याळाला लागणारा प्रवाह ५ मायक्रोॲम्पिअर धरू. भागाकार ४४,००० तास, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे. पण भिंतीवरचे बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळ पॉवर सप्लायच्या विजेवर चालते आणि सेल वाचतो. शाळेत रोज संध्याकाळी, आणि सुट्टीत सलग महिनाभर, सगळा भार सेलवरच पडतो. बटणे बंद करणारे शिपाई चुकले नाहीत. सेलाचे आयुष्य तेवढे लवकर सरले.

सेल संपला की अनेक मदरबोर्ड कारखान्यातली मूळ मांडणी धरतात. मग चिप जुन्या पद्धतीने डिस्कचा पहिला तुकडा शोधते, आणि कार्यप्रणाली मात्र युईएफआय पद्धतीने बसवलेली असते. किंवा डिस्कशी बोलण्याचा प्रकार बदलतो, आणि मग विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. डिस्क धडधाकट, नोंदी जागच्या जागी. चिप तेवढी चुकीच्या दारात उभी. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हा सेल किरकोळ पैशांत मिळतो. तो बदलावा, तारीख लावावी, आणि मांडणीतली एकेकच गोष्ट बदलून पाहावी, आधीची लिहून ठेवून. एक सावधगिरी : नव्या विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद असू शकते, आणि मांडणी बदलताच ती ४८ अंकी किल्ली मागते. हा आकडा आधी शोधून ठेवावा.

तारीख बरोबर आहे, पण मांडणीच्या पानावर डिस्कचे नावच नाही? मग केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी. डिस्कमधून 'कट्-कट्' आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात तिची पृष्ठे खरवडली जाण्याचा धोका असतो. तिला डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच न्यावे.

शेवटचा प्रकार : विंडोजचे चिन्ह येते, आणि मग निळा पडदा, किंवा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होतो. इथे काठी गाभ्यापर्यंत पोचली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज एकाएकी गेली. अशा क्षणी संगणक स्वतःच्या फायली बदलत असेल तर त्या अर्धवट राहतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक असेच अडकले, आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे मोजक्याच सामानानिशी सुरू करायचा आणि ती एक फाइल काढून टाकायची. सध्याच्या विंडोजमध्ये सुरू होताना दोन-तीनदा बटण दाबून बंद केले की दुरुस्तीचा पडदा येतो. सेफ मोडचा रस्ता तिथून जातो.

तेही जमले नाही तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करावा आणि आजारी संगणक त्यावरून सुरू करावा. 'इन्स्टॉल' न निवडता नुसते वापरून पाहण्याचा पर्याय घ्यावा. डिस्क कुलूपबंद नसेल, तर तिच्यावरच्या फायली समोर दिसू लागतात. त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. यानंतर त्या मुलाला खुशाल फॉरमॅट करू द्यावे.

हिंदमाता, परळ, लालबाग भागांतल्या तळमजल्यावरच्या कार्यालयांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पाण्यात भिजलेला संगणक 'चालतो का' म्हणून लावून पाहू नये. वायर आणि सेल दोन्ही काढावीत. पाणी सेलमधूनही वीज वाहू देते आणि तांब्याच्या रेघा गंजतात. पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. आणि संगणक धडधाकट असतानाच मांडणीच्या पानांचे फोटो काढून, छापून, सेल बदलल्याच्या तारखेसह कॅबिनेटच्या बाजूला चिकटवून ठेवावेत.