स्पर्धामोटारीची दंतचक्रपेटी आणि तिचे दोष

24 मार्च 1991 रोजी ब्राझीलमधील इंटरलागोस मार्गावर आयर्टन सेना यांनी मायदेशातील आपली पहिली ग्रां प्री जिंकली, तेव्हा त्यांच्या मॅक्लारेनमध्ये अखेरीस सहावा गिअर तेवढा साथ देत होता. आधी चौथा गेला, मग तिसरा आणि पाचवाही. रिकार्डो पात्रेझे 3 सेकंदांपेक्षाही कमी अंतराने मागे राहिले. त्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल यांना गिअरबॉक्सच्या बिघाडानेच बाहेर पडावे लागले. सेना यांची पेटी हाताने दांडा ओढण्याची होती, मॅन्सेल यांची अर्धस्वयंचलित. बिघाड दोन्हींनाही चुकला नाही.

स्पर्धामोटारीची दंतचक्रपेटी घरच्या मोटारीहून मुळातच निराळी असते. घरच्या मोटारीत गिअर पडण्यापूर्वी लहानशी कडी घर्षणाने दोन फिरत्या भागांची गती सारखी करून घेते. ही सिंक्रोमेश रचना सौम्य, पण वेळखाऊ आहे. स्पर्धेत तिला सहसा फाटा दिलेला असतो. तेथे दंतचक्रांच्या जोड्या सतत एकमेकींत गुंतलेल्याच फिरतात. सरकते ते त्यांच्यामधले कडे. या कड्यावरची मोजकी, जाडजूड शिंगे शेजारच्या चक्राच्या शिंगांमधील मोकळ्या जागेत घुसली की गिअर पडला. गराजांत या शिंगांना डॉग म्हणतात. मराठीत खुंटे म्हणावे हे बरे, कारण काम खुंट्याचेच आहे: एकाला दुसऱ्याशी बांधून ठेवायचे. खुंट्याची बाजू मुळाकडे किंचित आत कोरलेली असते, त्यामुळे जोर आला की खुंटे एकमेकांत अधिकच ओढले जातात. वाचकाच्या दारातील मोटारसायकलमध्येही हीच योजना असते. पहिला गिअर टाकताना येणारा ‘खट्’ आवाज खुंट्यांचा.

या पेट्यांचा प्रसार करण्यात इंग्लंडमधील माइक ह्यूलंड यांचा वाटा मोठा. त्यांनी 1957 मध्ये मेडनहेड येथे कारखाना काढला आणि सुरुवातीच्या पेट्या फोक्सवॅगन बीटलच्या कवचावर बेतल्या.

दोषांचे पहिले कारण बहुधा चालकाचा हात असतो. दांडा हळुवार सरकवणे घरच्या मोटारीत सद्गुण असेल, येथे तो अपराध आहे. कडे रेंगाळले की खुंट्यांची टोके एकमेकांवर आपटत राहतात आणि कोपरे झिजून गोल होतात. गोल कोपरा ओढून धरण्याऐवजी ढकलतो, आणि गिअर आपोआप बाहेर पडतो. गिअर टाकल्यावर हात दांड्यावरच विसावला, तर कड्याला सरकवणारा काटा सतत घासला जातो. तापून त्याच्या टोकावर निळसर झाक येते.

पेटी उघडण्याची घाई करू नये. सर्वच गिअर अडत असतील तर दोष बहुधा पेटीबाहेरचा असतो. इंजिन बंद असताना चाक मागेपुढे हलवून गिअर नीट पडतात, पण चालू असताना करकरतात, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. त्याच्या नळीत हवा शिरली आहे का ते आधी पाहावे. मग दांड्यापासून पेटीपर्यंतची जोडणी पेटीपाशी सोडवून गिअर तेथूनच हाताने टाकून पाहावा. तेथे पूर्ण पडत असेल, तर एखाद्या सांध्यातील ढिलाई किंवा इंजिनाचे सैल रबर खरा गुन्हेगार आहे. तिसरा आणि चौथा दोन्ही रुसले, तर त्यांचा सामाईक काटा वाकला असावा. एकटा तिसरा रुसला, तर त्याचे खुंटे. वेग वाढवताना सुटणारा गिअर खुंट्याची एक बाजू झिजल्याचे सांगतो, वेग उतरताना सुटणारा दुसरी.

सुकाणूमागील पट्टीने गिअर बदलण्याची अर्धस्वयंचलित पद्धत ग्रां प्री शर्यतींत फेरारी 640 ने 1989 मध्ये आणली आणि पदार्पणातच ब्राझीलमध्ये जिंकली. त्या वर्षी ती गाडी वारंवार बंद पडली, तेव्हा बोट दंतचक्रांकडे दाखवले गेले. प्रत्यक्षात पुष्कळदा वीजपुरवठाच तुटत होता. अशा पेटीत दाबक्रिया करणारे द्रव, संवेदक आणि तारा हेही तपासाचे विषय होतात.

तेल काढण्याच्या बोल्टाला चुंबक असते. त्यावर काळपट, लोण्यासारखा मऊ थर दिसला तर काळजी नको, ती रोजची झीज आहे. तो बोटांत चोळताना टोचणारी, चकाकती कोनाकृती चिप हाती लागली, तर तो खुंट्याचा कोपरा होय. आता पेटी उघडावीच लागते. नखाने खुंट्याची कड चाचपावी. नख अडले तर कड जिवंत, घसरले तर गेली. खुंटे गोल झालेले कडे बदलताना त्याच्या समोरचे दंतचक्रही तसेच झिजलेले असेल, तर दोन्ही एकदमच बदलावीत, एरवी जुना खुंटा नव्याची कड काही फेऱ्यांतच मोडून टाकतो.