हिवाळ्याचे शब्द आणि इंग्रजीचे अध्यापन

धार व देवास ही पवार घराण्याची संस्थाने १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाली. मराठी मात्र तेथील अनेक घरांतून टिकून राहिली. त्यामुळे धार जिल्ह्यातील मोहनखेड्यासारख्या परिसरात मराठी, उर्दू व माळवी-हिंदी बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर बसू शकतात. इंग्रजी वाचनपाठातील हिवाळा बहुधा बर्फाचा व स्केटिंगचा असतो. या मुलांचा हिवाळा धुक्याचा, दवाचा व शेकोटीचा. अध्यापनाची सुरुवात येथूनच व्हावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम हवामान घेऊ. उर्दूत 'सर्दी' म्हणजे थंडी, मराठीत 'सर्दी' म्हणजे पडसे. हिंदीत 'पाला' म्हणजे पिके करपवणारे गोठलेले दव, इंग्रजीतील 'फ्रॉस्ट'. मराठीत 'पाला' म्हणजे झाडाची पाने. 'आय हॅव कोल्ड' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला थंडी वाजत आहे की पडसे झाले आहे? पहिल्या अर्थी 'आय ॲम कोल्ड', दुसऱ्या अर्थी 'आय हॅव अ कोल्ड' हवे. केवळ लाल रेघ ओढून हा भेद कळत नाही.

आता पोशाख. मराठीत लुगडे नेसतात, शाल पांघरतात, स्वेटर घालतात. इंग्रजीत या सर्वांना 'वेअर' हे एकच क्रियापद चालते. 'शाल' व 'पायजामा' हे शब्द तर फारसी-उर्दूतूनच इंग्रजीत गेले. हे कळल्यावर मुलांना ती भाषा तितकी परकी वाटत नाही.

खेळांत नेमके उलट घडते. आपण बहुतेक खेळांना 'खेळणे' वापरतो. इंग्रजीत कबड्डीला 'प्ले', स्कीइंगला 'गो' आणि योगासनांना 'डू' लागते. गुलमर्गचे स्कीइंग येथे जरूर सांगावे, पण कबड्डीनंतर.

फळ्यावर मराठी, उर्दू व इंग्रजी असे तीन रकाने आखावेत आणि पहिले दोन विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावेत. दोन-तीन भाषा जाणणारा विद्यार्थी इंग्रजीच्या एका चुकीमुळे 'कच्चा' ठरतो व हळूहळू वर्गात बोलणेच सोडतो. त्याची चूक कोणत्या भाषेतून आली हे अध्यापकाने ओळखले, तर ती चूकच पुढील पाठाचा आरंभ ठरते.