एकच खिडकी उघडी

हळदीच्या रात्री कुणाला जास्त चढली की मांडवातल्या प्रत्येकाकडे एक उतारा असतो. लिंबू पिळून द्या, काळी कॉफी पाजा, डोक्यावर गार पाणी ओता! सगळं मायेनेच चाललेलं असतं. पण यातल्या कशानेही दारू उतरत नाही. का बरं?

दारूतल्या इथेनॉलचा रेणू इतका चिमुकला, की त्याला पचावंच लागत नाही. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत तो बिनबोभाट पोचतो. बाहेर पडायची वाट मात्र अरुंद. श्वासातून, लघवीतून थोडासा जातो. बाकीचा यकृतातल्या विकरांनी तोडायचा. आणि ही विकरं थोड्याशा दारूतच पुरती गुंतून जातात. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असावी तसं. मागे दहा गाड्या असोत की दोनशे, सुटणार एकेकच. साधारण वेग तासाला, दर १०० मिलिलिटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅम. माणसागणिक थोडाफार फरक, पण कॉफीने हा वेग वाढत नाही. कॉफी फक्त झोप उडवते. नशा तेवढीच राहते आणि पिणाऱ्याला वाटतं, आता गाडी चालवता येईल!

हिशेब करून बघा. रात्री १२ वाजता १५० मिलिग्रॅमवर असलेला माणूस सकाळी ८ वाजता चहा पिऊन निघतो, तेव्हाही ३० मिलिग्रॅमवर असतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. रात्री काढून घेतलेली किल्ली सकाळीही लगेच देऊ नये, असं मी म्हणेन.

याहून मोठं नवल म्हणजे, ग्लास खाली ठेवला तरी नशा थांबत नाही. पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. ‘झोपला एकदाचा’ म्हणून सगळे पांगतात, तेव्हा त्याला कदाचित अजून चढतच असते.

आणि आडवं झाल्यावर खोली गरगर का फिरते? आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. प्रत्येकीत जेलीसारखा मऊ पडदा, वजनाला भोवतीच्या द्रवाइतकाच. पाण्याहून हलकं अल्कोहोल आधी त्या पडद्यात शिरतं, पडदा हलका होऊन तरंगू लागतो आणि मेंदूला खबर जाते: डोकं फिरतंय! एवढ्याशा पडद्यापायी ओकारी येते.

धोका इथेच आहे. नशा मेंदूच्या वरच्या मजल्यांपासून सुरू होते. आधी तारतम्य जातं, मग तोल, मग आठवणींची नोंद. त्या वेळी घातलेला वाद सकाळी त्याला आठवणारही नाही, म्हणून घालूच नका. फार चढली तर मेंदूच्या तळाशी श्वास चालवणारी आणि घशात काही गेलं तर ठसका आणणारी यंत्रणाही मंदावते. उताण्या माणसाची ओकारी मग फुप्फुसात जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली झुकवा. ठसक्याचं काम गुरुत्वाकर्षण करतं! गार पाणी नको, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून अंगातली ऊब आधीच निसटत असते. शेजारी बसा, हाक मारत राहा, छाती हलताना बघा. हाकेला प्रतिसाद नाही, दोन श्वासांमध्ये १० सेकंदांहून जास्त अंतर, ओठ निळसर, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ फिरवा.

तो काय प्यायला, हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. २०१५ साली मालाड-मालवणीत शंभरहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. मिथेनॉल स्वतः फारसं घातक नसतं. यकृतातलं तेच विकर ते तोडू लागतं आणि त्यातून दृष्टी नि जीव घेणारं आम्ल तयार होतं. मग रुग्णालयात काय देतात? विकर रोखणारं औषध, आणि ते नसेल तर मोजूनमापून शुद्ध इथेनॉल. विकराला इथेनॉल जास्त आवडतं. त्याने खिडकी अडवून धरली, की मिथेनॉल न तुटता रांगेतच थांबतं आणि डायलिसिसने ते रक्तातून काढता येतं.